रेघबाईंची वाकडी रेघ

सिस्टरांच्या शाळेतल्या तिसरीच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागं रेघबाई म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. तीस वर्षं त्यांचा एकच हेका: खोडरबर वर्गात आणायचा नाही. चुकलं की पट्टी घ्या, एक सरळ रेघ मारा, वर बरोबर ते लिहा. मग गणित असो, निबंध असो की चित्र. शेवटच्या तासाला मुलं डोळे मिटून दिवसभराचं आठवायची, तेव्हाही बाई सांगत, "चूक लपवू नका रे. देवाला ती दिसतेच, निदान आपल्यालाही दिसू दे."

आणि अशा बाईंनी टकळीच्या प्रगतिपुस्तकात लाल शाईनं लिहिलं, 'नक्कल करते.'

टकळी म्हणजे शेवटच्या बाकावरची, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असलेली पोर. चाचणीत तिनं आणि तिच्या शेजारणीनं 'सात आठे चोपन्न' लिहिलं होतं. दोघींची चूक एकच, म्हणजे नक्कल. आणि टकळी बडबडी, म्हणजे तिनंच केली. झालं! पोरीला विचारायचीही तसदी बाईंनी घेतली नाही. तेव्हापासून टकळी गप्प. आठ दिवस हूं नाही की चूं नाही.

मग एका दुपारी बाई खडू काढायला मागच्या कपाटाशी गेल्या. कपाटाआडच्या भिंतीवर, फक्त शेवटच्या बाकावरून दिसेल असा, सातच्या पाढ्याचा तक्ता होता. त्यावर लिहिलं होतं, 'सात आठे चोपन्न'. अक्षर बाईंचंच, चांगलं वळणदार! पोरींनी तेच बघून पाठ केलं होतं. ही पोर आता आपल्याशी कधी बोलेल का, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं.

बाईंनी हे सांगितलं तेव्हा शाळेच्या मुख्य, मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घेता? नवं प्रगतिपुस्तक देते. कुणाला कळणार आहे?"

"सिस्टर, म्हणजे खोडरबरच की हो!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी भरवर्गात ते पुस्तक उघडलं. 'नक्कल करते'वर रेघ मारली, वर लिहिलं, 'चूक बाईंची होती.' "पोरी, तुला न विचारता मी दोष दिला. चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

टकळी जवळ आली. पुस्तकात वाकून तिनं बराच वेळ पाहिलं. बाईंचा जीव टांगणीला लागला.

"बाई," शेवटी ती म्हणाली, "रेघ वाकडी आलीय," आणि तिनं आपली पट्टी पुढं केली.