सेक्शनबाई

आमच्या मॅडम चहाच्या कपाकडेसुद्धा संशयाने बघत. आधी कप उचलून त्याचा तळ निरखायचा, मग घोट. मालवणातल्या त्यांच्या छोट्या आर्किटेक्ट ऑफिसात मी रुजू झाले, तेव्हा मी संगणकावर उभं केलेलं पहिलं घरही त्यांनी असंच न्याहाळलं. "छान दिसतंय," त्या म्हणाल्या, "म्हणूनच पटत नाही. सेक्शन काप."

सेक्शन म्हणजे घर सुरीने कापल्यासारखा उभा छेद. त्यात भिंत आणि मजला भेटतात तेवढीच जागा त्या मोठी करून बघत. भिंत स्लॅबखाली थांबते, की त्याला भेदून वर जाते? मॉडेलमध्ये दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या की कोणी कोणाला वाट द्यायची हे प्रोग्रॅम परस्पर ठरवतो. त्या 'परस्पर'वर त्यांचा भारी राग. "त्याला कोणी विचारलं?" साइटवर लोक त्यांना सेक्शनबाई म्हणत. पाठीमागे आपल्याला काहीतरी म्हणतात, असाही त्यांना संशय होताच.

ऑफिसात त्या पुस्तकी मराठी बोलत. संशय चढला की मालवणी. गवंडी हसला तर "हसतंस कित्याक?" आणि नाही हसला तर "गप कित्याक?"

तारकर्लीला एका मासेमार जोडप्याचं घर चाललं होतं. चिऱ्याच्या भिंती, वर पर्यटकांसाठी खोल्या. नकाशे मॅडमनी स्वतः केलेले. स्लॅब ओतायच्या सकाळी मिक्सर फिरू लागला होता. माझ्यापुढे मॅडम शिडीने वर गेल्या आणि कडेला वाकल्या. सळ्या भिंतीच्या आतल्या बाजूलाच संपल्या होत्या. स्लॅब भिंतीवर टेकणारच नव्हता.

"कोणी तोडल्यो सळयो?" त्या ठेकेदारावर कडाडल्या. "माका तुझो पयल्यापासून संशय होतो!"

ठेकेदाराने नकाशा पुढे केला. "बाईनू, तुमी दाखयलास तसाच केलंय."

नकाशात भिंत सरळ वर गेली होती आणि स्लॅब तिच्या आतल्या कडेशीच थांबला होता. खाली मॅडमची सही. भिंतीची उंची बदलल्यावर मॉडेलने तो जोड परस्पर फिरवला होता, आणि त्यांनी तिथे पुन्हा सेक्शन कापला नव्हता.

"आता थांबूक येवचा नाय," घरमालक चिडून म्हणाला. "माणसां इली, मिक्सर इलो."

मॅडम सळ्यांवर बसल्या. "मगे माझ्यार ओता."

कोणी हलेना. मग त्याच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नकाशो माझो, चूक माझी. ठेकेदाराचो काय एक दोष नाय."

मिक्सर बंद झाला. घरमालक पाठ फिरवून निघून गेला. त्याची बायको तेवढी शिडीखाली येऊन म्हणाली, "खाली येवा, बाईनू. उनात बसू नकात."

परतताना गाडीत त्यांनी तो नकाशा पुन्हा उलगडला. "सगळ्या जगावर संशय घेतला," त्या म्हणाल्या, "सही करताना स्वतःवर घ्यायचा राहिला." तेव्हापासून त्यांचे नकाशे मी तपासायचे, आणि निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या. मी चूक काढली की त्यांचा चेहरा उजळे. काही सापडलं नाही, तर मी नीट बघितलंच नाही असं त्यांना वाटे.

पुढे डोळे थकले, तशा त्या दोडामार्गला भावाच्या काजूच्या बागेत राहायला निघाल्या. ऑफिसची किल्ली माझ्या हातात देताना थबकल्या.

"माझं काम बघायला येत जा, मॅडम," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक केले. "कित्याक? तुझो तुझ्यार विश्वास नाय?"

"पुरता नाही."

त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"बरा झाला," म्हणाल्या. "मगे मी जातंय."