सुभेदारांच्या ट्रंकेतली विळी

आमच्या ऑफिसात किस्से जमवायला कुणी येत नाही. पण सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे ते आपोआप साठतात आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी धुवायला काढतं.

साताऱ्यात आमची एक खोली आहे. तिथून आम्ही चॅटवर पोरांशी बोलतो. पोरं शाळा-कॉलेजातली, मनानं पार खचलेली. काहींच्या डोक्यात जीव द्यायचे विचार येऊन गेलेले. अगदी तातडीचं असेल तर थेट दवाखान्यात पाठवतो. बाकीच्यांचा मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत त्यांना सांभाळायचं, हे आमचं काम. नावं इथं बदलली आहेत. किस्से सांगायला पोरांनीच परवानगी दिली. एकानं तर अट घातली, "मी दिसायला बरा होतो असं लिवा!" तर तो दिसायला बरा होता.

* * *

सुषमाताई आमच्यात सगळ्यात मोठ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सुरुवातीला त्या प्रत्येक पोराला सकाळी गुलाबाचं चित्र आणि सुविचार पाठवायच्या. आम्ही सांगून पाहिलं, ऐकेनात.

शेवटी वाईच्या एका पोरानं उत्तर दिलं, "मॅडम, मी लय उदास हाय, पण इतका न्हाई की सकाळ सकाळ गुलाब बघीन!"

सुषमाताई दिवसभर फुगून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्याला वांग्याचं चित्र पाठवलं. पोरगं तासभर गप्पा मारत होतं.

* * *

आमच्या ॲपमध्ये रोज एक प्रश्न येतो, 'आज मन कसं आहे? दहापैकी किती?' पोरांना याचा भयंकर कंटाळा.

विट्याच्या एका मुलाच्या वडिलांचं दूर तिकडं तामिळनाडूत सोनं गाळायचं दुकान आहे. त्यानं लिहिलं, "दहात जमत न्हाई. आज मन नऊ कॅरेट हाय. निम्म्याच्या वर भेसळ."

आम्ही ते मान्य करून टाकलं. ज्या दिवशी त्यानं "अठरा" लिहिलं, त्या दिवशी ऑफिसात वडापाव आला. आता सोमवारी सकाळी सुषमाताईसुद्धा पर्स ठेवता ठेवता म्हणतात, "माझ्याशी कुणी बोलू नका, मी आज चौदा आहे."

* * *

आता गौरी. कोरेगावजवळच्या खेड्यातली, अकरावीची. वडील फौजेत, लांब पोस्टिंगवर. घरात आई आणि आजोबा. आजोबाही फौजेतलेच, सुभेदार म्हणून निवृत्त. गौरीचा सांगलीच्या डॉक्टरांकडे नंबर लागायचा होता, आणि तोवर तिला जपायचं होतं. मी कितीही लिहिलं तरी तिचं उत्तर एकच, "हं." मला तिची फार काळजी वाटायची.

मी आजोबांना फोन केला. म्हटलं, "पोरीला एकटं सोडू नका. घरातल्या धोक्याच्या वस्तू कुलपात ठेवा."

"समजलं!" आजोबा म्हणाले. फोन ठेवताना बहुतेक त्यांनी सॅल्यूटही ठोकला असावा.

संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. "फवारणीची औषधं, गोळ्या, कोयता, विळी, किसणी, कात्री, नेलकटर. सगळं ट्रंकेत. किल्ली माज्या गळ्यात. ओव्हर."

दोन-तीन दिवसांनी गौरीचा मेसेज. पहिल्यांदाच "हं" नव्हता.

"ताई, आजोबांना सांगा की कायतरी! घरात विळी न्हाई. रोज पिठलं, आन् कांदा बुक्कीनं फोडायचा. काल आईचा कांदा उडून शेजारच्या अंगणात गेला!"

मी हसत सुटले. सुषमाताईंनी स्क्रीन वाचली आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

मी आजोबांना फोन करून म्हटलं, "आवं, निदान किसणी तरी द्या."

"मॅडम, आदेश तुमचाच हाय. मागं घ्यायचा तर लेखी द्या!"

लेखी दिलं. किसणी सुटली. विळी आतच.

* * *

आजोबांचा रिपोर्ट रोज यायचा. एक दिवस लिहिलं होतं, "आज पोरगी माज्यावर वराडली. म्हणाली, सारखं मागं मागं फिरू नगा. हे चांगलं का वाईट? ओव्हर."

मी लिहिलं, "गप्प बसण्यापेक्षा चांगलं!"

"मग उद्या परत चिडीवतो. ओव्हर."

* * *

नंबर लागला, आणि आदल्या दिवशी गौरी अडून बसली. "मी काय येडी हाय का? मी येत न्हाई."

एवढे दिवस ज्या दिवसासाठी थांबलो, तोच हातचा जातो की काय! आजोबांनी विचारलं, "काय करू? ओव्हर." मी लिहिलं, "जबरदस्ती नको. नुसतं शेजारी बसा."

सकाळी ऑफिसात शिरतेय तोच गौरीचा मेसेज आला. "ताई, एसटीत बसलोय. आजोबांनी डबा घेतलाय. पिठलंच हाय!"

* * *

डॉक्टर तिच्याशी बराच वेळ बोलल्या. उपचार सुरू झाले. पुढं काही दिवसांनी त्यांनीच सांगितलं, औषधं कुलपातच राहू द्या, पण विळी काढा आणि पोरीच्या सोबत बसा.

त्या संध्याकाळी मी पर्स उचलून निघाले होते. मोबाईल वाजला.

"विळी काडली. पोरगी भाजी चिरतीया. मी समोर बसलोय. दोघांच्या डोळ्यांला पानी हाय. ओव्हर."

मी उभ्या उभ्या लिहिलं, "कांदा चिरताय वाटतं?"

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं.

"न्हाई मॅडम. दोडका हाय. ओव्हर."