दुपारी एक ते तीन

आमची मिरची पावडरची गिरणी रनाळ्याच्या रस्त्याला आहे. तिची वेबसाइट धुळ्याच्या एका माणसाने बनवून दिली होती. ‘आमच्याविषयी’ या पानावर चार गोरी माणसं सूट घालून हसत होती, आणि खाली लिहिलं होतं की आम्ही गुणवत्तेसाठी कटिबद्ध असा अग्रगण्य समूह आहोत. वडिलांनी ते पान माझ्या फोनवर नीट पाहिलं.

“ह्या कोन शेतस?”

“आपनच शेतस,” मी म्हणालो.

त्यांनी फोन परत दिला आणि मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर, पथारीवर, निघून गेले.

मग मी ‘आमच्याविषयी’ आणि ‘संपर्क’ ही दोन्ही पानं स्वतः लिहायला घेतली. वाचणाऱ्याला आपण माणसांशी बोलतोय असं वाटलं पाहिजे, एवढीच अट. आठवडाभर फोटो काढत हिंडलो. पानावर वडील आले. गिरणीचा मिस्त्री आला. तो यंत्राशी भांडतो आणि माणसांशी बोलत नाही, तसंच लिहिलं. देठ खुडणाऱ्या बायका आल्या, टेम्पोचा ड्रायव्हर आला. गिरणीवरचा कुत्रा प्रत्येक फोटोत आधीच येऊन बसत होता, म्हणून त्यालाही घेतलं आणि खाली ‘सुरक्षा विभाग’ लिहिलं. मी स्वतःवर फार खूश होतो.

त्याच सुमारास अक्कलकुव्याचे एक दुकानदार, आमचं जुनं गिऱ्हाईक, माल बघायला आले. दुपारची वेळ, म्हणून त्यांना घरी जेवायला नेलं. आई वाढत होती. मी त्यांना पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं मोठ्याने वाचलं, कुत्र्यासकट.

“मंग मिरची चाखस कोन?” ते म्हणाले. “ते लिखेल नही.”

मिरची आई चाखते. नव्या मालाची पहिली पावडर घरी येते, आई तिची शेवभाजी करते, आणि ती “हाई धाडू नका” म्हणाली की तो माल जात नाही. वडील तीस वर्षं प्रत्येक व्यापाऱ्याला हे सांगत आलेत. शिवाय गिरणीच्या आवाजात त्यांना रिंग ऐकू येत नाही, म्हणून कंपनीचा फोन आमच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर असतो आणि तो आईच उचलते. ‘संपर्क’ पानावर मी तोच नंबर टाकला होता. मला कुत्रा आठवला होता आणि आई आठवली नव्हती. मला लाज वाटली. मी मान खाली घालून आणखी भाजी मागितली, तीही तिनेच वाढली.

संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती शेंगा निवडत होती.

“तुन्हाबद्दल काय लिखू?”

“मन्हं काय लिखतस,” ती म्हणाली. हातातली शेंग निवडून टाकली. “लिखनंच व्हई तं लिख, दुपारले एक ते तीन फोन करू नका. माले जपनं ऱ्हास.”

“तू दुपारले कव्हय जपस?” दुपारी झोपलेली ती मला आठवत नव्हती.

“जपत नही. फोन येस ना.”

मी लिहिलं. एका पानावर, ‘मिरची आई चाखते.’ दुसऱ्यावर, ‘दुपारी एक ते तीन फोन करू नका. आई झोपते.’ गिऱ्हाईक तुटेल, असं वडिलांचं मत पडलं. ते मी ऐकून घेतलं आणि वाक्य तसंच ठेवलं.

लिहिलं तेव्हा ते खोटं होतं. पहिले काही दिवस आई त्या दोन तासांत फळीकडे बघत नुसती पडून असायची. फोन वाजत नव्हता, तरी ती बघायची.

मग एके दिवशी तीन वाजून गेले, फोन वाजला आणि ती उठली नाही. मीच उचलला. अक्कलकुव्याचे दुकानदार होते.

“आई कथं शे?”

“जपेल शे.”

पलीकडे त्यांनी आवाज खाली आणला. “ऱ्हाऊ द्या मंग. मी नंतर करस.”