मोरीतला उंदीर

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं बाळ आज शाळेत जातं, धावतं, पडतं, ते एका बाईमुळे. मागच्या बोळातून रोज सकाळी संडासाची पाटी न्यायला येणारी मेहतरीण. तिचं नाव मला ठाऊक नाही. तीन वर्षं मी तिच्यासाठी वरून पाणी ओतत होते आणि एकदाही नाव विचारलं नाही. हे आधीच लिहून टाकते, नाही तर पुढचं सगळं माझ्या हुशारीनं झालं असं वाटेल. माझी हुशारी तिसरीत शाळा सुटली तेव्हाच संपली.

मी कोकणातली, लग्न होऊन धुळ्याला आले. माहेरी भांडी मागल्या अंगणात घासायची, राखेचं पाणी माडांच्या आळ्यात जायचं. इथे मोरी घरातच, आणि तिचं पाणी भिंतीखालच्या खापरी नळीतून बोळातल्या गटारात. राख घमेल्यात काढून उकिरड्यावर टाकायची अशी या घरची रीत. मी ती मोरीतच सोडायची. थोरल्या जाऊबाई दोनदा म्हणाल्या, अगं, आमच्या मोरीमागे समुद्र नाही. मी हसले आणि पुन्हा तेच केलं.

त्या हिवाळ्यात गावात उंदीर मरून पडायला लागले, म्हणजे प्लेग आलाच. आधी नदीकडच्या आळीत, मग बाजारामागे. लोक घरांना कुलपं लावून पांझरा नदीपलीकडे तट्ट्यांच्या झोपड्यांत जात होते. आमच्या आळीतली पाच घरं बंद झाली. दुपारी इतकं शांत असायचं की पलीकडच्या रिकाम्या घरातलं दार वाऱ्यानं वाजलं तरी आमच्या मोरीपर्यंत ऐकू येई.

आम्ही मात्र अडकलो होतो. जाऊबाई नऊ दिवसांच्या बाळंतीण. मागल्या खेपेला झोपड्यांत शेजारणीचं तान्हं गारठून गेलं होतं, आणि ते सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, स्वतःच्या हातांनी उचललं होतं. त्यामुळे ते हलायला तयार नव्हते.

अशात मोरी तुंबली. पाणी काठापर्यंत येऊन तसंच काळं उभं राहिलं आणि घरभर वास सुटला. नाना दारात उभे राहून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होते.

"मोरीतून उंदीर निघाला तर आजच निघायचं," ते म्हणाले. "नाही निघाला तर बारसं झाल्यावर बघू."

जाऊबाईंनी बाळाला पदराखाली घेतलं. मी खाली बघत राहिले, कारण मला माहीत होतं. आईनं माझ्याबरोबर भांडी घासायला नारळाच्या शेंड्यांची मोळी दिली होती. त्यातली शेवटची शेंडी आठ दिवसांपूर्वी हातातून निसटून नळीत गेली होती. बोलणी बसतील म्हणून मी बोलले नव्हते, आणि आता तर तोंडच उघडेना.

मेहतरणीला बोलावलं, पण तिला घरात यायची मुभा नव्हती. ती बोळात नळीच्या तोंडाशी बसली आणि मी आत मोरीपाशी. मोरीवरच्या झरोक्यातून ती सांगायची, मी करायचे. आधी वरचं पाणी बादल्यांनी उपसायला लावलं. मग एक तांब्या सावकाश ओतायला सांगितला. बाहेर थेंब थेंब येत होतं, राखाडी. मग तिनं बांबूची एक लांब कामटी झरोक्यातून आत सारली. ती नळीत घालून कुठे अडते ते हातानं मोजायला लावलं. माझी चार हातांवर अडली, बाहेरून तिनं घातलेली दुसरी तीनवर. तिनं आपल्या कामटीचं टोक नाकाशी नेलं असावं.

"उंदीर नई शे, अक्का," ती म्हणाली. "मेलेलं असतं तर या तोंडाशी मुंग्या लागल्या असत्या. राख शे, तेल शे, आनि मधी काही गुतेल शे."

तेव्हा मी झरोक्याला तोंड लावून शेंडीचं सांगितलं. ती हसली असावी.

"मग हाऊ तुमना गावना उंदीर शे."

मी खार घातलेलं कढत पाणी तीनदा ओतलं. ती बाहेरून कामटीनं उकरत होती, मी आतून ढकलत होते. एकाएकी नळीत काहीतरी सरकलं आणि मोरी मोठ्यानं वाजली. पाणी गेलं. आता तिचा आवाज झरोक्यातून नाही, नळीतून आला, अगदी कानाशी बोलल्यासारखा, हळू.

"आमना वस्तीमा उंदरं पडी ऱ्हायनात. दोन माणसंबी गेलीत. कोणले सांगू नका. बाळले लई जा."

बाळाला इथून घेऊन जा, म्हणत होती ती. त्यांच्या वस्तीत उंदीर पडल्याचं कळलं तर प्लेगची सरकारी माणसं येऊन घरांची कौलं काढतील, सगळ्यांना हाकलतील. आणि तिला कोणी आपल्या बोळात पाऊल टाकू देणार नाही. तरी तिनं मला सांगितलं. ती वस्ती आमच्या बोळाच्या टोकाला होती.

मोरी वाजलेली ऐकून नाना मागच्या दाराशी आले, नाकाला उपरणं लावून. मीही तिथे गेले. तिच्या कामटीच्या टोकाला ती शेंडी लोंबत होती, राखेनं माखलेली, काळी, केसाळ, तळाला शेपटीसारखे धागे.

"काय निघालं?" नानांनी लांबूनच विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिनं खरं सांगितलं असतं तर तिच्या डोक्यावर काही आलं नसतं, आणि आम्ही राहिलो असतो.

"उंदीर," मी म्हणाले.

मग कामटी पाटीत झटकून वर राख टाकत ती म्हणाली, "हा, उंदीर शे."

ऊन कलायच्या आत आम्ही पांझरा ओलांडली. बाळाला मी रात्रंदिवस पोटाशी धरून शेगडीपाशी बसले. ते गारठलं असतं तर ते माझ्या खोट्यानं, हे मला दर श्वासाला आठवत होतं. गारठलं नाही. सहाव्या दिवशी निरोप आला की आमच्या बोळात उंदीर पडले, आणि मागं राहिलेल्या दोन घरांतून तिरड्या निघाल्या.

आम्ही परतलो तेव्हा पाटी न्यायला दुसरीच बाई आली. वस्ती उठवली, एवढंच तिला ठाऊक. आधीची कुठे गेली, आहे की नाही, तिला सांगता येईना. भडगावकडे कोणी नातलग होते म्हणे.

नाना अजून त्या उंदराचं सांगतात. मी खाली बघते. राख आता घमेल्यात काढते, आणि मोरी वाजली की वाकून ऐकते.

भडगावला जायचं मी ठरवलं आहे. बाळाच्या शाळेला सुट्टी लागली की त्याला बरोबर नेईन. ती भेटली तर आधी नाव विचारीन, मग पुढच्या दारानं घरात आणीन, आणि तिच्यासमोर नानांना सांगीन की त्या दिवशी मोरीतून काय निघालं होतं.