सभा पायऱ्या उतरली

केशरबाई तशी तिखट बाई. उसाच्या फडावर तिनं मुकादमाला काय काय ऐकवलं होतं, ते गावात अजून चवीनं सांगतात. पण कडूबाईचं नाव निघालं की हीच बाई मऊ होते आणि पदरानं डोळे टिपते. त्याचं कारण एक वाट आहे.

गाव नांदूरघाटच्या बाजूचं, डोंगराच्या पायथ्याला. बौद्ध वस्ती गावाच्या एका अंगाला आणि त्यांची स्मशानभूमी ओढ्याच्या पलीकडे. जुनी वाट भागवतच्या शेताच्या कडेकडेनं जाऊन ओढ्यावरच्या पुलावर निघायची. भागवत म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. त्यानं एक दिवस वाटेवर तारेचं कुंपण ओढलं आणि वाट शेतात घेतली. तेव्हापासून मयत न्यायची तर थेट ओढ्यातून.

केशरबाईची सासू ऐन पावसाळ्यात गेली. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. मधोमध एका खांदेकऱ्याचा पाय घसरला, तिरडी कलली आणि म्हातारीच्या अंगावरचं पांढरं कापड गढूळ पाण्यात लोळलं. सासरा, भारतबाबा, काठावर काठी टेकून हे सगळं बघत होता. घरी आल्यावर तो सुनेला एवढंच म्हणाला, “केशर, मला असं नेऊ नको.”

“न्हाई नेणार, मामा. कोरड्यानं नेईन. तवर तुमी मरायचं न्हाई.”

“बरं,” म्हातारा म्हणाला. माणूस शब्दाचा पक्का होता.

केशरबाईनं तहसीलला खेटे घातले. तिथं साहेबानं सांगितलं, ग्रामसभेचा ठराव आणा, वाट मोकळी करून देतो. म्हणजे सगळं येऊन थांबलं ग्रामसभेवर.

आणि ग्रामसभा भरायची मारुतीच्या देवळात. कुणाच्या आज्यापासून ती तिथंच भरते, आणि आज्याच्या पुढं बोलायची सोय नसते. गाव मंडपात बसायचं, वस्तीतली माणसं पायऱ्यांखाली लिंबापाशी उभी राहायची. तुम्ही खाली थांबा असं कुणी म्हणत नसे. वर या असंही कुणी म्हणत नसे.

पंधरा ऑगस्टच्या सभेला केशरबाई वस्तीतल्या साऱ्या बायका घेऊन लिंबाखाली उभी राहिली. वाटेचा विषय निघाला, हात वर करा म्हणाले, बायकांनी चांगले उंच हात केले. एवढे हात बघून केशरबाईला ठराव झालाच असं वाटलं. तिनं घरोघर साखर वाटली. भारतबाबानं चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि आता आपण मोकळे झालो असा चेहरा करून बसला.

पुढं ग्रामसेवक भेटला तेव्हा खुलासा झाला. ठराव नामंजूर. मोजले ते मंडपातले हात. खाली उभे राहतात ते सभा बघायला आलेले, असं धरायची रीत होती म्हणे. केशरबाईला राग आला तो आधी स्वतःचाच. इतकी वर्षं आपण तिथं उभे राहिलो आणि आपण सभेत आहोत असं समजत राहिलो. वाटलेली साखरही काही परत मागता येत नाही.

“मामा, अजून थांबा थोडं,” ती घरी येऊन म्हणाली.

“थांबतो की. मला कुठं जायचंय?” म्हातारा म्हणाला. वाटच नव्हती, तेव्हा त्याचंही खरंच होतं.

सव्वीस जानेवारीची सभा आली तेव्हा केशरबाईचा नवरा अनिल आणि वस्तीतले बरेच गडी ऊसतोडीला गेले होते. म्हाताऱ्यासाठी ती मागं राहिली होती. सभेआधी ती गावातल्या बायकांच्या दारोदार फिरली. कडूबाईकडंही गेली. कडूबाई धनगराची, वयानं सगळ्यांत थोर, अजून मेंढरांमागं हिंडणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि “बघू” म्हणाली. या ‘बघू’त काहीच धरायला नव्हतं.

सभा भरली. खुर्चीवर सरपंच उज्ज्वलाताई. ही भागवतची बायको. खुर्ची तिची आणि आवाज भागवतचा, अशी त्या घराची वाटणी होती. वाटेचा विषय निघताच केशरबाईनं खालूनच विचारलं, “आमचे हात ह्या टायमाला मोजणार का न्हाई?”

भागवत हसला. “वर या की मग. कुणी अडवलंय?”

हा खरा डाव होता. वर गेलं की देवळावरून भांडण पेटणार आणि वाट राहणार बाजूला. केशरबाईनं तो ओळखला.

“आमाला देवळात यायचं न्हाई, दादा. आमाला सभेत यायचंय. सभा कावून देवळात घेता?”

तेवढ्यात मंडपातून कडूबाई गुडघ्यावर हात रोवून उठली आणि एकेक पायरी उतरायला लागली.

“आत्या, कुठं निघालीस?” भागवतनं विचारलं.

“माझी सून खाली उभी हाय.”

खरंच, लिंबापासून जरा लांब कडूबाईची सून रोहिणी आणि आणखी दोघी-तिघी उभ्या होत्या. महिन्याच्या त्या दिवसांत बाई देवळात जात नाही, त्यामुळं दर सभेला कुणी ना कुणी अशी बाहेर राहायचीच. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोललं नव्हतं.

“तिचं बी मत हाय का न्हाई?” कडूबाई म्हणाली. “मी आपली खालीच बसते. तू मोज निवांत.” आणि ती केशरबाईला खेटून मातीत बसली, कमरेची चंची काढून पान लावायला लागली.

मग मंडपातल्या बायका उठल्या. कुणाची लेक खाली होती, कुणाची जाऊ, कुणाचं कुणीच नव्हतं तरी ती उतरली. मंडपात पागोटी आणि टोप्या उरल्या. उज्ज्वलाताई उभी राहिली. भागवत “बस” म्हणाला. ती बसली नाही. “सभा खाली होईल,” ती म्हणाली. गावानं तिचा आवाज सभेत पहिल्यांदाच ऐकला. खुर्ची उचलायला कुणी पुढं येईना, तेव्हा तिनं ती स्वतःच उचलली आणि लिंबाखाली आणून ठेवली.

हात मोजले गेले. ठराव झाला. उन्हाळ्यात कुंपण मागं सरलं आणि वाटेवर मुरूम पडला. भागवत कितीतरी दिवस बायकोशी बोलला नाही. ते दिवस फार निवांत गेले, असं उज्ज्वलाताई सांगते. सभा आता शाळेच्या पटांगणात भरते.

केशरबाई आभार मानायला गेली तर कडूबाई म्हणाली, “मी काय केलं बाई? मी तर नुसती खाली बसले.”

भारतबाबा भादव्यात गेला. ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता, पाऊस सकाळीच उघडला होता. तिरडी मुरमाच्या वाटेनं पुलाकडं निघाली. समोरून कडूबाईची मेंढरं येत होती. तिनं काठी आडवी धरून सगळा कळप कडेला दाबला आणि डोक्यावरचा पदर सारखा करून तिरडी जाईपर्यंत हात जोडून उभी राहिली. केशरबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या घडीला तिला मनातून जेवढं बरं वाटलं तेवढं कधी वाटलं नव्हतं, आणि सासरा गेलेला असताना असं वाटतंय याची तिला लाजही वाटली नाही.

स्मशानात तिरडी खाली ठेवली. केशरबाईनं वाकून म्हाताऱ्याच्या पायावरच्या पांढऱ्या कापडावरून हात फिरवला.

“मामा,” ती म्हणाली, “कोरडं हाय.”