सामाईक गुऱ्हाळ

गुळव्यानं गरम मळीचा झारा माझ्या हातावर उपडा केला. चुलवाणाभोवती बसलेली माणसं हसली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

गुन्हा एवढाच. शिजलेला गूळ थंड व्हायला वाफ्यात ओतला, की रिकाम्या काहिलीच्या कडा गावातली पोरं चिपाडानं खरवडून खायची. त्या दिवशी मीही कडेला हात लावला.

नातवंडांनो, निपाणीजवळच्या आमच्या गावात गुऱ्हाळ सामाईक असे. चार-पाच घरांचा ऊस एकाच चरकात जाई, रस एकाच काहिलीत शिजे, गूळ वाटून घेत. त्यात आमच्या महारवाड्यातला, वतनाच्या तुकड्यावरचा ऊसही होता. ऊस तोडायला, मोळ्या वाहायला, जाळ घालायला आम्ही. काहिलीला मात्र शिवायचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण माझे वडील, आप्पा, घरी छाती काढून सांगायचे, "औंदा आपण बी सामाईकात हाय." मी तो शब्द खरा धरला.

पाटील ओरडला, "कुणाची गं ही? काहील बाटवलीस की!"

आप्पा जाळापासून धावत आले. "चुकलं, मालक. लेकरू हाय."

"लेकरू न्हवं, लई माजलीया. ह्या खेपंचा तुझा वाटा गेला. आन् नाक घास हितं."

आप्पा वाकले. मी त्यांची बंडी धरून ओढली. हाताची आग होत होती. मी पाटलाला म्हणाले, "मग आमच्या उसाचा रस ह्यातनं येगळा काढून द्या."

आता कोणी हसलं नाही. पाटील मात्र हसला.

"रसाला जात नसती, पोरी. तुला हाय."

आप्पांनी राखेत नाक घासलं. सगळ्यांसमोर. मी बघत राहिले.

पुढल्या हंगामात पाटलाचा गडी दारात आला. "आप्पा, सामाईकात ऊस घाल की रं."

मी उंबऱ्यातून म्हणाले, "न्हाय."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग गड्याला म्हणाले, "ऐकलंस न्हवं?"

तो ऊस आम्ही म्हशीला घातला. गावानं आम्हाला काम देणं बंद केलं. त्या वर्षी आम्ही उपाशी निजलो.

पुढे बेळगावला शिकले, इंग्रजी आलं, नोकरी केली. तिथंही साहेब म्हणत, "आपण सगळे मिळून." चहा मात्र मला वेगळ्या कपात.

जिथं माझे कष्ट चालतात आणि मी चालत नाही, त्या कामाला मी सामाईक म्हणत नाही. तिथं मी काडी उचलत नाही. तुम्हीही उचलू नका.