माटोळीचे खिळे आणि भाड्याची मशीन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लाकडाची जमीन घासायची मशीन जिन्यावरून माडीवर चढवली. म्हापशाहून भाड्याने आणलेली. वरचं टोक माझ्या हातात, खालून माझी बायको सुमती, गळ्यात मशीनची वायर गुंडाळलेली आणि तोंड चालू. "सावकाश ओ, तुमचो ट्रक न्हय तो." त्याच संध्याकाळी ती परसात तुळशीपाशी टेकली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत, पुढे सगळा जन्म डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. पण समाचाराला आलेली माणसं "किती सोशिक होती, किती शांत होती" असं बोलून गेली. ते खोटं आहे. ती शांत नव्हती आणि सोशिक तर मुळीच नव्हती. म्हणून लिहायला बसलो.

ती कारापूरची. लग्न होऊन मांद्र्याला आली आणि पहिल्याच आठवड्यात माडीवर तिच्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागली. आमच्या माडीला फळ्यांची जमीन आहे आणि तिच्याखाली गणपतीची खोली. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, म्हणजे लाकडाची चौकट, तिला नारळ, सुपारीचे कातरे, तोरिंजनं, रानातली फळं टांगायची. ती चौकट धरायला माझ्या वडलांनी फळ्यांतून लोखंडी आकडे खाली सोडले होते आणि वर त्यांची टोकं वळवून फळीवर ठोकली होती. त्या टोकांना आम्ही खिळे म्हणतो. अंगठा धरून ती म्हणाली, "देवाचे म्हणून सोडतंय, नाय तर आजच उपटले असते." त्यानंतर दर चवथीला तीच खाली उभी राहून बांधणाऱ्यांना ओरडायची. मी डिचोलीहून येताना तिच्या माहेरच्या रानातली कांगलां, माटोळीला टांगायची रानफळं, ट्रकात घालून आणायचो. एकदा घोस चिरडले, तर दोन दिवस बोलली नाही. हीच ती शांत बाई.

खाण बंद झाल्यावर आम्ही माडीवरच्या खोल्या पर्यटकांना द्यायला लागलो. गेल्या मोसमात एका पाहुणीच्या तळपायात फळीचं कुसळ गेलं. सुमतीने ते सुईने काढलं, आणि पाहुणी गेल्यावर मला म्हणाली, जमीन घासून घ्यायची, पाऊस लागून लाकूड फुगायच्या आधी.

मुलगा महेश म्हापशाला असतो. त्याने धंदेवाईक माणूस आणला, मोठ्या मशीनवाला. माणूस चांगला होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, आमच्या मशीनचा रूळ जड, सगळी जमीन एकसारखी कापतो, धूळ नळीतून पिशवीत जाते, एका दिवसात काम. भाड्याची मशीन हलकी, तुम्ही आठवडाभर घासाल आणि वर लाटा राहतील. मला पटलं. मोठ्या कामाला मोठी गाडी, हे मला कळतं. मग त्याने खिळे पाहिले. "हे काढूक जाय, नाय तर फळीच्या आत ठोकूक जाय. एक जरी लागलो तर घासपाचो कागद फाटतलो आणि रुळाक खाच पडतली."

सुमती म्हणाली, "आत ठोकलेत तर आकडे खाली लोंबतले. मगे माटोळी खंय बांधू, तुमच्या मशीनीक?"

तो हसला. म्हणाला, "बाय, तर मगे माझी मशीन नाका. भाड्याची हाडा, खिळ्यांच्या भोंवतणी हातान फिरवा." महेश चिडला. पण तिचा चेहरा बघूनच निकाल लागला होता.

मशीन वर नेल्यावर आधी कपाटामागच्या कोपऱ्यात चालवून बघितली. दुकानदाराने सांगितलं होतं, रेषांच्या दिशेने चालवा आणि एका जागी थांबू नका. मी थांबलो. फळीत खळगा पडला. सुमतीने वाकून बघितलं. "बरी वाटी केल्यात. मांजराक दूध घालूक जाता." पण दुसऱ्या फेरीला जमलं. खालून नवं लाकूड निघालं, पिवळं, फणसाचं... तिने त्यावर तळवा फिरवला. मग पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन प्रत्येक खिळ्याभोवती गोल काढला, मला दिसावं म्हणून. खाली गणपतीच्या खोलीत जुनी लुगडी पसरली, फटींतून धूळ पडेल म्हणून. म्हणाली, "फाल्यां सकाळी लावया." उद्या सकाळी सुरू करू...

दिवसकार्य होईपर्यंत मशीन तशीच माडीवर होती. दुकानदाराला कळवलं, तो म्हणाला, राहू दे. बाराव्याच्या जेवणानंतर महेश म्हणाला, "बाबा, भाड्याची मशीन परत करूया. त्या माणसाक बोलावतंय. यंदा वर्सभर सुतक, आपल्याक माटोळी नाय, खिळे काढून टाकूया."

मी म्हटलं, "यंदा नाय. फुडल्या वर्सा आसा."

"तुमच्यान जावचां नाय. ह्या हातान मशीन कशी धरतल्यात?"

"ट्रकाचो गियर ह्याच हातान घातलो."

त्याने हातातला फोन खिशात ठेवला. त्यालाही आईचा स्वभाव ठाऊक होता, आता तो माझ्याकडे आलाय असं त्याला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. नाकाला पंचा बांधला, मशीनला जाडा कागद लावला आणि सुरू केली. शेजारी आवाज गेला, लोक काय म्हणायचं ते म्हणाले असतील. हात पुढे सरकला की मशीन टेकवायची, थांबायच्या आधी उचलायची. पहिल्या खिळ्यापाशी आलो आणि चुन्याच्या कडेने वळवली. मग दुसऱ्या. खिडकीपासून दारापर्यंत आलो तेव्हा जमीन पिवळी दिसत होती आणि तिच्यात काळे गोल ठिपके, प्रत्येकाच्या कडेला पांढरी रेघ, काही ठिकाणी बोट घसरलेलं. लाटा आहेत. तो माणूस बरोबर बोलला होता.

धूळ झाडली. कपाट ढकलून कोपऱ्यातल्या त्या वाटीवर आणलं. चुना पुसला नाही.